धोट्यापासून तरंगत्या गाडीपर्यंत : एरिक लेथवेट

रेल्वेचा इतिहास म्हटला की जॉर्ज स्टीफन्सन हे नाव शाळकरी मुलालाही आठवते. चाकांवाचून धावणाऱ्या गाडीचा इतिहास मात्र असा एका नावावर उभा नाही. जर्मनीच्या हेर्मान केम्पर यांनी 1934 साली विद्युतचुंबकांनी उचलून धरलेल्या गाडीचे पेटंट मिळवले. अमेरिकेतल्या पॉवेल आणि डॅन्बी या दोघांनी 1960 नंतरच्या दशकात अतिवाहक चुंबकांची योजना मांडली, आणि त्याच वाटेने जाऊन जपानने 2015 साली ताशी 603 किलोमीटरचा वेग गाठून दाखवला. या मंडळींच्या मानाने इंग्लंडच्या प्राध्यापक एरिक लेथवेट यांचे नाव आपल्याकडे कमी ऐकू येते. त्यांच्या स्वतःच्या देशात मात्र एके काळी दूरचित्रवाणीमुळे ते घरोघर पोहोचले होते. त्यांचे चरित्र मी निवडले याचे कारण असे की, त्यांच्या गाडीची कल्पना आगगाडीच्या रुळावर सुचलेलीच नाही. ती सुचली कापडाच्या मागावर. वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांतून मागांचा खडखडाट ऐकत महाविद्यालयात येणाऱ्या आपल्यासारख्यांना या माणसाची ओळख व्हायला हवी, असे मला वाटते.

लेथवेट यांचा जन्म 14 जून 1921 रोजी लँकेशायर परगण्यातील ॲथर्टन या गावी झाला. लँकेशायर म्हणजे कापडगिरण्यांचा मुलूख. आपल्या देशातला कापूस जहाजांत भरून जिकडे जाई आणि कापड होऊन परत येई तोच हा प्रदेश, हे आपण इतिहासात वाचलेले आहे. त्यांचे बालपण मात्र त्याच परगण्यातल्या फाइल्ड नावाच्या शेतीवाडीच्या भागात गेले आणि शिक्षण कर्कम येथील ग्रामर स्कूलमध्ये झाले. महायुद्ध चालू असताना 1941 मध्ये ते विमानदलात दाखल झाले. फार्नबरो येथील विमानविद्येच्या संस्थेत त्यांना स्वयंचलित वैमानिकाच्या, म्हणजे ऑटोपायलटच्या, चाचणीचे काम मिळाले. या यंत्राचा प्राण म्हणजे जायरोस्कोप, वेगाने गरगरणारे जड चाक. वाचकांनी हे चाक लक्षात ठेवावे. तीस वर्षांनी या चाकानेच त्यांना मोठा दगा दिला.

युद्ध संपल्यावर 1946 मध्ये ते मँचेस्टर विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकू लागले. त्या काळी मँचेस्टरला जगातल्या पहिल्या काही संगणकांपैकी एक तयार होत होता. मँचेस्टर मार्क वन हे त्याचे नाव. लेथवेट यांनी पदव्युत्तर पदवीसाठी त्यावरच काम केले. पुढे सारे जग ज्या संगणकामागे धावले तो असा हाताशी असताना त्यांनी वाट बदलली आणि जुन्या, साध्या, सर्वांना पुरती ठाऊक झाली आहे असे वाटणाऱ्या विजेच्या मोटरकडे ते वळले. त्यांच्या विभागाचे प्रमुख एफ. सी. विल्यम्स हे संगणकाच्या स्मरणशक्तीचे जनक. त्यांनाही नंतर मोटरींनीच ओढून घेतले, तेव्हा ही वाट अगदीच एकाकी नव्हती.

आता मोटरीविषयी थोडे सांगणे भाग आहे. विहिरीवरचा पंप, पिठाची गिरणी, कारखान्यातले लेथ यांत बहुधा इंडक्शन मोटर असते. तिच्या बाहेरच्या स्थिर भागात तारांची वेटोळी असतात. त्यांतून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की चुंबकीय क्षेत्र गोल फिरू लागते. आतल्या भागाला विजेची तार कोठूनही जोडलेली नसते. पण फिरत्या क्षेत्रामुळे त्यात आपोआप प्रवाह उपजतात आणि तो त्या क्षेत्राच्या मागोमाग फरफटत जातो. आता मनाने अशी कल्पना करा की ही मोटर एका बाजूने उभी चिरली आणि गुंडाळलेली चटई उलगडावी तशी जमिनीवर सपाट पसरली. क्षेत्र गोल फिरायचे ते आता सरळ धावू लागेल, आणि आतला गोल भाग उलगडून झालेला ॲल्युमिनियमचा पत्रा त्याच्यामागे सरळ धावेल. दांडा नाही, दाते नाहीत, पट्टा नाही आणि चाकही नाही. हीच रेषीय मोटर. लेथवेट यांनी ती प्रथम शोधली असे म्हणणे चुकीचे ठरेल. चार्ल्स व्हीट्स्टन यांनी एकोणिसाव्या शतकातच सरळ चालणाऱ्या विद्युतयंत्राचा प्रयत्न केला होता, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेड झेडेन यांनी ती रेल्वेला लावण्याचे पेटंटही घेतले होते. पण या कल्पना कपाटात पडून होत्या. लेथवेट यांनी त्या बाहेर काढल्या त्या धोट्यासाठी.

धोटा म्हणजे काय प्रकरण आहे ते मला पुस्तकातून कळले नाही. ते सुरतेत कळले. माझे मामा बरीच वर्षे सुरतेला मागांचे जॉबर आहेत आणि लिंबायत भागात राहतात. त्या भागात जळगाव-धुळ्याकडची मराठी कुटुंबे इतकी आहेत की गल्लीत उभे राहिले तर खानदेशातच आहोत असे वाटावे. सुरत महापालिकेच्या प्राथमिक शाळांत मराठी माध्यमाच्याही शाळा आहेत. यंत्रमागाच्या कारखान्याला तिकडे खाते म्हणतात. मामांनी मला एका खात्यात नेले तेव्हा तिथे धोट्याचे जुने माग चालू होते. धोटा हा टोकांना लोखंड बसवलेला लाकडी तुकडा, पोटात सुताची कांडी घेतलेला. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातले मित्र त्याला लाळी म्हणतील, आणि मागाला मग्ग. ताण्याचे धागे वर-खाली झाले की मधल्या फटीतून हा धोटा बाणा टाकीत पलीकडे जातो. जातो म्हणजे त्याला एक दांडा फटका मारतो. पलीकडच्या पेटीत तो आदळून थांबतो, की तिकडचा दांडा त्याला परत फटकावतो. मिनिटाला शंभर-दीडशे वेळा हे चालते, आणि एका छपराखाली असे कित्येक माग. त्या आवाजात माणसाचे बोलणे कानाशी तोंड नेले तरच पोहोचते. मामांना आता घरीही हाक जोरात मारावी लागते; मामींनी ते कधीच स्वीकारले आहे. क्वचित धोटा फटीतून उडून बाहेर येतो, तेव्हा तो कोणाला लागेल याचा भरवसा नसतो.

लँकेशायरच्या गिरण्यांतही हेच चालत असे. लेथवेट यांच्यापुढचा प्रश्न सरळ होता. फटका न मारता, हात न लावता, धोट्याला चुंबकीय क्षेत्राने अलगद वेग देता येईल काय, आणि पलीकडे तसाच अलगद थांबवता येईल काय? विजेच्या धोट्याचे स्वप्न तसे जुने होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच त्यावर पेटंटे निघाली होती. लेथवेट यांनी 1950 च्या आधी-नंतरच्या वर्षांत मँचेस्टरला त्यावर प्रयोग केले. धोटा धावला, पण गिरणीमालकाला परवडेल असा धावला नाही. धोटा लहान, त्याचा धावण्याचा टप्पा लहान, मोटर आणि धोटा यांच्यामधली फट त्या मानाने मोठी. विजेचा बराचसा भाग नुसत्या उष्णतेत जाई. तेवढ्यात स्वित्झर्लंडच्या सुल्झर कंपनीने धोटाच काढून टाकणारा माग बाजारात आणला. आज सुरतेत जे वॉटर-जेट माग दिसतात त्यांत बाणा पाण्याच्या बारीक फवाऱ्यावर बसून पलीकडे जातो. प्रश्न सुटला, पण तो लेथवेट यांनी सोडवला नाही.

इथे दुसरा कोणी असता तर विषय बदलता. लेथवेट यांनी अपयशाचे गणित मांडले. मोटर चांगली की वाईट हे ठरवणारा एक गुणांक त्यांनी काढला आणि त्याला नावही साधेच दिले : गुडनेस, म्हणजे चांगुलपणा. त्याचा निष्कर्ष असा, की या जातीच्या यंत्रात आकार वाढवला की चांगुलपणा आकाराच्या वर्गाच्या पटीत वाढतो आणि मधली फट वाढली की तो घटतो. म्हणजे यंत्र दुप्पट मोठे केले तर ते चौपट चांगले! धोट्यावर जी मोटर रड काढत होती तीच रेल्वेच्या डब्याखाली मोठी करून बसवली तर उत्तम चालली पाहिजे. माझ्या मते त्यांच्या साऱ्या आयुष्यातले सर्वांत मोलाचे काम हेच होय. तरंगती गाडी ही दिसायला भव्य गोष्ट आहे; पण आपले यंत्र का चालले नाही याचे उत्तर शोधता शोधता ते कुठे चालेल याचे उत्तर हाती लागणे, ही बुद्धीची खरी मिळकत.

1960 नंतर ब्रिटिश रेल्वेच्या साह्याने मँचेस्टरजवळ गॉर्टनच्या कारखान्यात रेषीय मोटरीवर धावणाऱ्या ढकलगाडीच्या चाचण्या झाल्या. 1964 मध्ये लेथवेट लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात अवजड विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. 1966 च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी भरणारी व्याख्यानमाला त्यांच्याकडे आली. मायकेल फॅरडे यांच्या काळापासून, म्हणजे 1825 पासूनची ही परंपरा. आणि त्या वर्षापासून बीबीसी ती दरवर्षी दाखवू लागली. लँकेशायरी वळणाचे बोलणे, हातात सतत काहीतरी उडणारे, तरंगणारे, फिरणारे यंत्र, आणि समोरच्या मुलांना आपण मोठ्यांएवढेच समजतो आहोत असा विश्वास, यांमुळे ही व्याख्याने गाजली. त्याच वर्षी रॉयल सोसायटीने त्यांना एस. जी. ब्राउन पदक दिले. चाकांवाचून प्रवास हा विषय सांगणारे त्यांचे पुस्तकही 1966 चेच. थोडक्यात, पंचेचाळिसाव्या वर्षी हा गृहस्थ शिखरावर होता.

शिखरावरून पुढची वाट उतारालाच लागते, पण हा उतार त्यांना स्वतःहून लागला नाही. इंग्लंडात तेव्हा हवेच्या गादीवर तरंगणारी आणि रेषीय मोटरीने पुढे ढकलली जाणारी अतिवेगवान गाडी तयार करण्याचे सरकारी काम चालू होते. लेथवेट त्याच्याशी निगडित होते. केंब्रिजशायरमधील अर्थ गावाजवळ कालव्याच्या काठाने काँक्रीटचा मार्ग उभारला गेला. वीस मैलांचा बेत होता. उभा राहिला सुमारे एक मैल. 7 फेब्रुवारी 1973 रोजी आरटीव्ही 31 ही गाडी त्या तुटपुंज्या मार्गावर ताशी 104 मैल, म्हणजे सुमारे 167 किलोमीटर वेगाने धावली. पुढच्याच आठवड्यात सरकारने ही योजना पैशाअभावी बंद केली. ब्रिटिश रेल्वेची जुन्याच रुळांवरून वेगाने जाणारी गाडी पुढे येत होती, आणि जे रूळ आहेत त्यांवरूनच जाणारी गाडी स्वस्त, हा हिशेब कोणत्याही मंत्र्याला पटणारा होता. मला तो हिशेब सर्वस्वी चुकीचाही वाटत नाही. परंतु लेथवेट यांच्या बाजूने पाहिले तर धोट्यानंतर हा दुसरा घास तोंडाशी येऊन गेला होता.

हवेची गादी तयार करायला पंखे लागतात, ते आवाज करतात आणि वीज खातात. मग ढकलणाऱ्या मोटरीनेच उचलण्याचे कामही का करू नये? पण इथे एक जुना अडसर आहे. सॅम्युअल अर्नशॉ यांनी 1842 साली सिद्ध केले आहे की, केवळ कायमच्या चुंबकांच्या जोरावर एखादी वस्तू हवेत स्थिर तरंगत ठेवता येत नाही. ती बाजूला घसरणारच. आपण प्रयोगशाळेत दोन चुंबकांचे सारखे ध्रुव एकमेकांवर धरून पाहिले असतील, तर वरचा चुंबक कसा सटकतो हे ठाऊक असेलच. लेथवेट यांच्या मोटरीत मात्र क्षेत्र सतत बदलते आणि पत्र्यात प्रवाह उपजत राहतात, त्यामुळे अर्नशॉ यांचा नियम तिला आडवा येत नाही. चुंबकीय प्रवाह मार्गाच्या लांबीने न नेता आडवा नेऊन त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी रचना केली की, एकच मोटर पत्र्याला उचलते, पुढे ढकलते आणि मध्यावर धरूनही ठेवते. पाण्याच्या धारेत होडी वाहत जावी तसा जड पत्रा त्यावरून वाहत जाई. म्हणून त्याचे नाव चुंबकीय नदी. जेम्स बाँडच्या 1977 च्या चित्रपटात मेजावरून सुसाट जाऊन पुतळ्याचे शिर उडवणारे जे तबक दिसते, त्यामागची कल्पना हीच. एका मोठ्या शोधाच्या वाट्याला असे बाजारू कौतुक यावे, याला काय म्हणावे!

आता त्या गरगरणाऱ्या चाकाकडे येतो. 1974 साली रॉयल इन्स्टिट्यूशनने लेथवेट यांना शुक्रवारच्या सायंव्याख्यानासाठी बोलावले. हा मान मोठा; समोर नामवंत वैज्ञानिक बसलेले. लेथवेट यांनी विषय घेतला जायरोस्कोपचा. एका हौशी संशोधकाने त्यांना दाखवलेल्या यंत्रामुळे त्यांच्या मनात भरले होते की, वेगाने फिरणाऱ्या चाकाचे वर्तन न्यूटनच्या नियमांत पुरते बसत नाही. फिरत नसताना उचलायला अवघड असे चाक, फिरू लागल्यावर एका हाताने डोक्यावर नेता येते हे ते करून दाखवीत. प्रयोग खरा होता. त्यातून काढलेला अर्थ खरा नव्हता. चाकाचे वजन कमी झालेले नसते; ते हाताभोवती वळण घेत वर चढते म्हणून हाताला तसे भासते, आणि न्यूटनचे नियम त्याचा पूर्ण हिशेब देतात. श्रोत्यांना हे रुचले नाही. रॉयल इन्स्टिट्यूशनने आपल्या परंपरेला सोडून ते व्याख्यान छापलेच नाही. त्याच वर्षी नाताळात मुलांपुढे त्यांची दुसरी व्याख्यानमाला झाली. पण वैज्ञानिकांच्या वर्तुळात त्यांचे नाव उतरले ते उतरलेच.

या प्रकरणाविषयी दोन्ही टोकांचे लिहिलेले वाचायला मिळते. काहींना ते प्रस्थापितांनी छळलेले द्रष्टे वाटतात, तर काहींना भरकटलेले प्राध्यापक. मला दोन्ही पटत नाही. मोटरीच्या बाबतीत सगळ्यांना जे पुरते कळले आहे असे वाटत होते, त्यातच त्यांना नवे सापडले होते. ज्या सवयीने एकदा हिरा दिला त्याच सवयीने दुसऱ्यांदा काच दिली, यात विशेष नवल नाही. चूक अशी की, मोटरीचे गणित त्यांनी आधी मांडले आणि मग लोकांपुढे ठेवले. चाकाचे मात्र लोकांपुढे आधी ठेवले. पुढे त्यांनी न्यूटनचे नियम या चाकालाही लागू पडतात हे मान्य केले, एवढे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. ते मान्य करतानाही या चाकांपासून पुढे ढकलणारे काही साधन मिळेल, ही आशा त्यांनी सोडली नाही.

या धकाधकीत त्यांना विसावा देणारा एक छंद होता, फुलपाखरांचा. तो वरवरचा नव्हता. फुलपाखरे आणि पतंगांच्या 1975 साली निघालेल्या एका सचित्र कोशाचे ते सहलेखक आहेत. नर पतंग दूरवरच्या मादीकडे कसा येतो, त्याला केवळ वासच कारण असेल काय, असाही प्रश्न त्यांनी एका लेखात पूर्वी मांडला होता. विजेचा माणूस, त्याला तिथेही लहरी दिसल्या. त्यांचे म्हणणे टिकले नाही. कारण वासच ठरले.

तरंगत्या गाडीचे पुढे काय झाले हे सांगण्यासाठी बर्मिंगहॅमला जावे लागेल. तेथील विमानतळ आणि रेल्वेस्टेशन यांच्यामध्ये सुमारे सहाशे मीटर अंतर आहे. 1984 मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या संशोधकांनी तयार केलेली चुंबकी गाडी तिथे प्रवाशांसाठी सुरू झाली. जगात पैसे कमावण्याच्या रीतसर सेवेत उतरलेली ही पहिली चुंबकी गाडी. वेग ताशी 42 किलोमीटर, म्हणजे आपली शहर बसही एवढे धावते. मार्गापासून उंची दीड सेंटिमीटर. तिच्यात लेथवेट यांची चुंबकीय नदी नव्हती हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तिला उचलून धरण्याचे काम खालून मार्गाकडे ओढले जाणारे विद्युतचुंबक करीत. पुढे ढकलण्याचे काम मात्र रेषीय इंडक्शन मोटरचे होते. ती अकरा वर्षे चालली. 1995 मध्ये थांबली ती तत्त्व चुकले म्हणून नव्हे. तिच्या नियंत्रणाचे विद्युतभाग जुने झाले, तसे भाग कोणी बनवीना, आणि जगात तशी दुसरी गाडी नसल्यामुळे उसने आणायलाही जागा नव्हती. काही वर्षांनी, 2003 मध्ये, त्याच मार्गावर दोराने ओढली जाणारी गाडी आली.

सुरतेत मामांच्या खात्यातून घरी जाताना आम्ही ज्या रस्त्याने येत होतो तिथे मेट्रोचे खांब उभे राहत होते, म्हणून हा विषय माझ्या डोक्यातून गेला नाही. 2011 च्या जनगणनेत सुरत शहराची वस्ती 44 लाखांवर होती. 2014 पासून स्वतंत्र मार्गिकेवरून धावणाऱ्या बसगाड्या तिथे आहेत. मेट्रोची पायाभरणी 2021 च्या जानेवारीत झाली. सरथाणा ते ड्रीम सिटी आणि भेसाण ते सारोली असे दोन मार्ग, मिळून सुमारे 40 किलोमीटर. त्यांतला चौक बाजारकडचा भाग जुन्या दाट वस्तीखालून भुयारातून जातो. ही मेट्रो पोलादी चाकांचीच आहे. तिच्याऐवजी तरंगती गाडी का नाही, असे विचारणारे भेटतात. त्यांना शांघायची गाडी आठवत असते, जी 2004 पासून 30 किलोमीटरच्या मार्गावर धावते आणि जिने ताशी 431 किलोमीटर वेग दाखवला. पण ज्या शहरात दर किलोमीटरला स्टेशन आहे तिथे तो वेग घेऊन काय करायचे? वेग घेईपर्यंत थांबण्याची वेळ येते.

शहराला उपयोगी गोष्ट वेगळीच आहे, आणि ती लेथवेट यांच्या मोटरीत आहे. चाक रुळाला घट्ट धरून ढकलते. चढ फार झाला किंवा रूळ ओला झाला की ते घसरते. रेषीय मोटरला पकड लागतच नाही. त्यामुळे गाडी तीव्र चढ चढते, आवळ वळण घेते, आणि डब्याखालची मोटर चपटी असल्यामुळे डबा बुटका करता येतो. डबा बुटका म्हणजे भुयार लहान, आणि भुयार लहान म्हणजे खर्च कमी. जपानने हे ओळखले. ओसाकात 1990 पासून आणि तोक्योत 1991 पासून चाकांवर उभ्या असलेल्या पण रेषीय मोटरीने ढकलल्या जाणाऱ्या भुयारी गाड्या आहेत. तोक्योचा तो मार्ग पुढे वाढत 40 किलोमीटरांच्या वर गेला, म्हणजे सुरतेच्या दोन्ही मार्गांएवढा. नागोयाजवळ 2005 मध्ये लिनिमो ही खरीखुरी तरंगती शहरगाडी सुरू झाली, लांबी 8.9 किलोमीटर, वेग ताशी 100 किलोमीटरपर्यंत. चीनमध्ये चांगशा येथे 2016 मध्ये साडेअठरा किलोमीटरची तशी गाडी आली. या दोन्हींत मोटर डब्यात आणि ॲल्युमिनियमचा पत्रा मार्गावर, म्हणजे मँचेस्टरच्या प्रयोगशाळेतलीच मांडणी.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मोटर आणि पत्रा यांच्यात फट ठेवावीच लागते, आणि चांगुलपणाच्या गणिताप्रमाणे फट म्हणजे तोटा; विजेचे बिल त्यामुळे वाढते. मार्ग बदलण्याचे सांधे अवजड होतात. शिवाय सुट्या भागांचा प्रश्न आहे. टोरांटोमधील स्कारबरोची रेषीय मोटरची गाडी 1985 पासून चालली. 2023 मध्ये तिचा डबा घसरला आणि मग तो मार्ग पुन्हा उघडलाच नाही, कारण गाड्या जुन्या झालेल्या होत्या. सुरतेच्या मेट्रोला लागणारे चाक, ब्रेक, मोटर हे देशातल्या दहा शहरांत मिळते. मामांना मी विचारले, तर त्यांचे मत तयार होते. खात्यात नवा परदेशी माग आला की पहिला प्रश्न ते वेगाचा विचारीत नाहीत. त्याचा बिघडलेला भाग रिंग रोडच्या आसपासच्या दुकानात संध्याकाळपर्यंत मिळेल का, हे विचारतात. सुरतेने चाके निवडली ती योग्यच, असे मलाही वाटते. भुयारातल्या भागापुरती मात्र ओसाका-तोक्योची पद्धत निदान कागदावर तपासून पाहायला हरकत नसावी, हेही वाटते, आणि पुढच्या शहरांसाठी अजूनही वेळ गेलेली नाही.

लेथवेट 1986 मध्ये इम्पीरियल कॉलेजातून निवृत्त झाले. त्याच वर्षी विद्युत अभियंत्यांच्या अमेरिकेतल्या संस्थेने त्यांना निकोला टेस्ला पुरस्कार दिला. जायरोस्कोपच्या प्रकरणानंतर बारा वर्षांनी, मोटरीच्याच कामासाठी. त्यानंतर काही वर्षे त्यांना संशोधनाची जागा मिळाली नाही. 1990 मध्ये ससेक्स विद्यापीठाने त्यांना अभ्यागत प्राध्यापक म्हणून घेतले. अखेरच्या दिवसांत अमेरिकेच्या नासासाठी एक काम चालू झाले. अंतराळयान उडवण्याआधी त्याला जमिनीवरच्या मार्गावर चुंबकी मोटरने वेग द्यायचा, म्हणजे सुरुवातीचे इंधन वाचेल, अशी ती योजना होती. धोटा पलीकडे फेकण्याचाच तो प्रश्न, फक्त धोटा आता काही टनांचा. आणि आकार मोठा म्हणजे चांगुलपणाही मोठा. हे काम हाती असतानाच 27 नोव्हेंबर 1997 रोजी ते वारले. अमेरिकेच्या आरमारात 2017 मध्ये दाखल झालेल्या जेराल्ड फोर्ड या जहाजावरून विमाने आता रेषीय मोटरनेच उडवली जातात.

1973 ची ती आरटीव्ही 31 गाडी 1996 साली पीटरबरो येथील रेलवर्ल्ड या संग्रहालयात नेऊन उघड्यावर ठेवण्यात आली, आणि बर्मिंगहॅमच्या चुंबकी गाडीचा एक डबाही तिथे आला. जवळूनच लंडनहून उत्तरेला जाणारा मुख्य लोहमार्ग जातो. त्यावरच्या चाकांच्या गाड्यांतून प्रवाशांना ती खिडकीतून दिसते.